पांढऱ्या पेशी पोहोचल्याच नाहीत, तरी हाड झिजले: एका हिरडीविकाराचे प्रकरण

रुग्ण तरुण पुरुष. आजार जन्मजात: ल्युकोसाइट अ‍ॅडहीजन डेफिशियन्सी प्रकार १, म्हणजे एलएडी-१. त्यात पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडू शकत नाहीत. तक्रारी दोन. तोंडात तीव्र पेरिओडॉन्टायटिस, ज्याला आपल्याकडे सरसकट पायरिया म्हणतात. आणि कमरेखाली, माकडहाडाच्या वरच्या बाजूला, एक खोल जखम, काही केल्या न भरणारी. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत (एनआयएच) निकी मुत्सोपुलोस, स्टीव्हन हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर उपचार केले. २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध झाले.

उपचारासाठी निवडलेले औषध होते उस्टेकिन्युमॅब. हे सोरायसिसचे इंजेक्शन. ते एकही जंतू मारत नाही. उलट प्रतिकारशक्तीचा एक धागा तोडते. ज्याची प्रतिकारशक्ती जन्मतःच अपुरी, त्यालाच ती आणखी दाबणारे औषध द्यायचे, हे वरवर पाहता उफराटे वाटते. वर्षभरात हिरड्यांचा दाह ओसरला आणि जखमही बरी झाली. या काळात गंभीर जंतुसंसर्ग झाला नाही.

हिरडीचे नुकसान जंतू करतात की आपल्याच पेशी, हा प्रश्न नेहमीच्या पायरियात सुटा करता येत नाही. तिथे प्लाक (दातावरचा जंतूंचा थर) असतो, न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतात, टी आणि बी पेशी (पांढऱ्या पेशींचेच आणखी दोन प्रकार) असतात, वर तंबाखू आणि मधुमेह. सगळे एकात एक गुंतलेले. या रुग्णात मात्र निसर्गानेच एक घटक काढून टाकला होता. न्यूट्रोफिल हिरडीत पोहोचतच नव्हते, आणि तरीही हिरडीविकार होता, तोही नेहमीपेक्षा कितीतरी जबर.

निरोगी हिरडीतली वर्दळ

दात आणि हिरडी यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोलीची एक फट असते. तिच्या तळाशी हिरडीचे आवरण दाताला चिकटलेले असते. शरीरात इतर ठिकाणी त्वचा अखंड असते. इथे मात्र एक कठीण वस्तू आवरण भेदून बाहेर आलेली आहे, आणि तिच्यावर जंतूंचा थर रोज नव्याने चढतो. त्यामुळे इथे पहारा कायमचा. तळाच्या या आवरणातून मिनिटाला सुमारे ३०,००० न्यूट्रोफिल तोंडात उतरतात, असा १९७० च्या सुमारास काढलेला अंदाज आजही वापरला जातो. सूज नसलेल्या, गुलाबी हिरडीतही ही ये-जा चालूच असते.

रक्तातून बाहेर पडण्यासाठी न्यूट्रोफिलला तीन पायऱ्या लागतात. आधी तो रक्तवाहिनीच्या भिंतीला सिलेक्टिन नावाच्या रेणूंच्या आधाराने अडखळत घरंगळतो. मग बीटा-२ इंटिग्रिन हे त्याच्या पृष्ठभागावरचे रेणू भिंतीवरच्या आयकॅम-१ या रेणूला घट्ट धरतात आणि तो थांबतो. थांबल्यावरच तो भिंतीतून निसटून ऊतीत शिरू शकतो. मधली पायरी जमली नाही तर पेशी रक्तातच फिरत राहते.

ब्रश करणे थांबवले की काय होते, हे डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूस येथे १९६५ साली हॅराल्ड ल्यो यांच्या गटाने १२ निरोगी माणसांवर पाहिले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली क्रम असा दिसतो: पहिल्या २ ते ४ दिवसांत न्यूट्रोफिल, आठवड्याच्या आत टी पेशी, आणि दोन-तीन आठवड्यांनी प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींची दाटी. इथवर हाड शाबूत असते.

पुढे हाड झिजते ते कसे? न्यूट्रोफिल फुटताना एमएमपी-८ हे कोलॅजन कापणारे विकर आणि इलास्टेज सोडतात. दाताला हाडाशी बांधणारे तंतू त्याने तुटतात. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, आयएल-१ बीटा, टीएनएफ आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे दाह वाढवणारे रेणू सोडतात. टी आणि बी पेशींकडून रँकल नावाचा संदेश येतो, आणि या संदेशावर हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. पॉकेटमधला (दात आणि हिरडी यांच्यातल्या खोल झालेल्या फटीतला) प्लाक आणि झिजणाऱ्या हाडाची कड यांच्यात सहसा दीड-दोन मिलिमीटरचे अंतर राहते. म्हणजे जंतू प्रत्यक्ष हाडाला भिडलेले नसतात. हाड कमी करणाऱ्या पेशी आपल्याच.

या रुग्णाच्या पेशींत काय बिघडले होते

एलएडी-१ मध्ये बिघाड २१ व्या गुणसूत्रावरच्या आयटीजीबी२ या जनुकात असतो. हे जनुक सीडी१८ बनवते, आणि सीडी१८ हा सगळ्या बीटा-२ इंटिग्रिनांचा सामाईक अर्धा भाग. तो नाही, तर सीडी११ए, सीडी११बी, सीडी११सी हे जोडीदारही पृष्ठभागावर येत नाहीत. वर सांगितलेली मधली पायरी तिथेच खुंटते. पांढऱ्या पेशींवर सीडी१८ चे प्रमाण २ टक्क्यांच्या खाली असेल तर आजार तीव्र समजतात. अस्थिमज्जा किंवा मूलपेशी प्रत्यारोपण झाले नाही तर अशी मुले बहुधा लहानपणीच दगावतात. २ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असणारे मोठे होतात, पण त्यांच्या हिरड्या सहसा वाचत नाहीत. दुधाचे दात लवकर पडतात आणि मागून आलेले कायमचे दातही विशीच्या आत हलू लागतात.

बरीच वर्षे याचे स्पष्टीकरण सरळ होते. पहारेकरी पोहोचत नाहीत, म्हणून जंतू मोकाट सुटतात आणि हिरडी खातात. स्पष्टीकरण पटण्याजोगे होते. अडचण एवढीच की त्यावर आधारलेले उपचार लागू पडत नसत. स्केलिंग केले, प्रतिजैविके दिली, क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या दिल्या, तरी हाड झिजतच राही. शेवटी दात काढणे एवढाच मार्ग उरे. नुसती जंतूंची वाढ हेच कारण असते, तर प्रतिजैविकांनी निदान वेग तरी कमी व्हायला हवा होता.

२०१४ साली एनआयएचच्या याच गटाने, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्ज हाजिशेंगालिस यांच्यासोबत, एलएडी-१ च्या रुग्णांच्या हिरडीचे तुकडे तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या न्यूट्रोफिलनी भरलेल्या दिसत होत्या, आणि वाहिनीच्या भिंतीपलीकडे, जिथे ते असायला हवेत, तिथे जवळजवळ कोणी नव्हते. जंतू दाताच्या पृष्ठभागावरच होते. ऊतीत खोलवर शिरलेले आढळले नाहीत. ऊतीत मुबलक होते ते आयएल-१७ हा दाह पेटवणारा संदेश-रेणू आणि तो बनवणाऱ्या टी पेशी. त्यामागे आयएल-२३ या दुसऱ्या संदेश-रेणूचा जोर दिसत होता. म्हणजे पहारेकरी गैरहजर असूनही दाह कमी नव्हता. तो भलत्याच वाटेने पेटला होता. पुढच्या कामात असेही दिसले की जंतू बाहेर राहिले तरी त्यांच्या भिंतीचे विषारी घटक आत झिरपतात आणि तिथल्या मॅक्रोफेजना आयएल-२३ सोडायला लावतात.

बंद न होणारा नळ

याचे मूळ न्यूट्रोफिलच्या मरणात आहे. ऊतीत गेलेला न्यूट्रोफिल थोड्याच वेळात मरतो आणि मॅक्रोफेज त्याला गिळतो. ही साफसफाई आहेच, पण शिवाय ती एक सूचनाही असते. गिळणारा मॅक्रोफेज आयएल-२३ कमी करतो. आयएल-२३ कमी झाला की टी पेशींतला आयएल-१७ उतरतो. आयएल-१७ उतरला की जी-सीएसएफ हा न्यूट्रोफिल बनवायला सांगणारा संदेश कमी होतो आणि अस्थिमज्जा न्यूट्रोफिलचे उत्पादन आवरते घेते. निरोगी प्रौढात हे उत्पादन दिवसाला सुमारे १०० अब्ज पेशी एवढे अवाढव्य असते, तेव्हा त्याला लगाम लागतोच. उंदरांमध्ये ही साखळी २००५ साली दाखवली गेली.

गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक जसा चालतो, तसेच हे. पाणी चढले की तरंगता गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. एलएडी-१ मध्ये टाकीत पाणीच पडत नाही, म्हणून गोळा तळाशीच आणि नळ पूर्ण उघडा. अस्थिमज्जा पेशी बनवत राहते. म्हणूनच या रुग्णांच्या रक्तात, कोणताही संसर्ग नसताना, पांढऱ्या पेशी भरमसाट दिसतात. आणि हिरडीत आयएल-१७ सतत वाहत राहतो, तो हाडातल्या पेशींना आणि तंतुपेशींना रँकल वाढवायला सांगतो, आणि ऑस्टिओक्लास्ट कामाला लागतात.

उंदरांवरचा प्रयोग या तर्काची कसोटी होता. बीटा-२ इंटिग्रिनचा एक जोडीदार, एलएफए-१, नसलेल्या उंदरांच्या हिरड्यांतही आयएल-१७ चढलेला होता आणि हाड झिजत होते. त्यांच्या हिरडीत आयएल-१७ किंवा आयएल-२३ ला अडवणारी प्रतिपिंडे टोचली. हाडाची झीज थांबली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जंतूंची संख्याही घटली. प्रतिकाराचा धागा तोडल्यावर जंतू वाढायला हवे होते, झाले उलटे. सुजलेल्या हिरडीतून पाझरणारा द्रव, तुटलेल्या कोलॅजनचे तुकडे, रक्तातले लोह हे या जंतूंचे खाद्य. दाह उतरला की त्यांचा शिधा आटतो. आमच्या मते या साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच, कारण तो एलएडी-१ पुरता मर्यादित नाही.

औषध का आणि कसे निवडले

आयएल-२३ दोन तुकड्यांचा बनलेला असतो, पी१९ आणि पी४०. उस्टेकिन्युमॅब पी४० ला धरते. सोरायसिससाठी अमेरिकेत त्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली होती, त्यामुळे सुरक्षिततेचा अनुभव हाताशी होता. सोरायसिसमधला नेहमीचा क्रम असा: १०० किलोपर्यंतच्या प्रौढाला ४५ मिलिग्रॅम कातडीखाली, ४ आठवड्यांनी दुसरा डोस, मग दर १२ आठवड्यांनी.

मेख पी४० मध्येच आहे. हाच तुकडा आयएल-१२ मध्येही असतो, आणि आयएल-१२ क्षयासारख्या जंतूंविरुद्धच्या प्रतिकाराचा कणा आहे. ज्यांच्यात पी४० जन्मतःच नसतो त्यांना बीसीजी लसीतल्या दुबळ्या जंतूंचाही संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेत ही भीती दुय्यम ठरते. आपल्याकडे ती पहिली. औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची मँटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी अनिवार्य. बीसीजी औषध चालू असताना, त्याआधीच्या वर्षात आणि बंद केल्यावर वर्षभर देऊ नये. पुढे केवळ पी१९ ला अडवणारी औषधेही आली, त्यांत आयएल-१२ शाबूत राहतो. तर्काने ती इथे अधिक चपखल बसतात.

निकाल वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. दाह ओसरणे म्हणजे झिजलेले हाड परत येणे नव्हे. हलणारा दात त्यामुळे पूर्वीसारखा घट्ट होईल अशी आशा दाखवू नये; जे उरले आहे ते टिकते, एवढेच. दुसरे, रुग्ण एकच होता आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. तरी दाव्याला वजन येते ते जखमेमुळे. कमरेवरच्या जखमेजवळ ना दात ना प्लाक, तरी तीही त्याच औषधाने भरली. मग दोन्हीकडे बिघाड एकच, आणि तो तोंडातल्या जंतूंच्या विशिष्ट जातींवर अवलंबून नाही.

उलट बाजूचे पुरावे

न्यूट्रोफिल नसल्याने हाड झिजते, म्हणून ते जितके जास्त तितके बरे, असे मात्र नाही. डेल-१ नावाचे प्रथिन न्यूट्रोफिलच्या चिकटण्याला आवर घालते. ते नसलेल्या उंदरांच्या हिरडीत न्यूट्रोफिल गर्दी करतात, आणि त्यांनाही आपोआप पेरिओडॉन्टायटिस होतो, तोही आयएल-१७ च्याच वाटेने. हे २०१२ मध्ये दिसले. पेशी कमी पडल्या तरी आणि अति झाल्या तरी, शेवटची पायरी तीच.

जॉब सिंड्रोम हा आणखी एक जन्मजात आजार. त्यात स्टॅट३ जनुकातल्या दोषामुळे आयएल-१७ बनवणाऱ्या टी पेशी तयारच होत नाहीत. या रुग्णांच्या तोंडात कँडिडा बुरशी वारंवार होते, पण २०१८ च्या अभ्यासात त्यांच्या हिरड्यांचा दाह आणि हाडाची झीज कमी आढळली. बुरशीपासून राखणारा संदेश आणि हाड खाणारा संदेश एकच.

म्हणूनच आयएल-१७ ला खलनायक ठरवणे बरोबर नाही. त्याचा ग्राहकच (पेशीवरचा, त्याचा संदेश टिपणारा रेणू) काढून टाकलेल्या उंदरांना पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस या जंतूची लागण केली, तर त्यांचे हाड जास्त झिजले, कारण न्यूट्रोफिलना बोलावणारे कोणी उरले नाही. थोडा आयएल-१७, थोड्या वेळेपुरता, हवाच. नुकसान होते ते तो थांबत नाही म्हणून.

नेहमीच्या दवाखान्यात यातले काय लागू

पायरियाच्या साध्या रुग्णाला कोणी उस्टेकिन्युमॅब देणार नाही, देऊही नये. त्याचा नळ तुटलेला नसतो, जंतूंचा थर रोज दाबून उघडा ठेवत असतो. तो थर काढला की बहुतेकांत दाह आपला आपण उतरतो. म्हणून आधी स्केलिंग आणि रूट प्लेनिंग (दाताचे मूळ घासून गुळगुळीत करणे), मग ४ ते ६ आठवड्यांनी पॉकेटच्या खोलीची पुन्हा मोजणी: प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, प्रोबवर (खोली मोजणाऱ्या बारीक सळईवर) साधारण २५ ग्रॅम एवढाच दाब देऊन. जास्त जोर लावला तर प्रोब सुजलेल्या आवरणातून आरपार जातो, खोली वाढीव येते आणि निरोगी जागीही रक्त दिसते. पॉकेट भरले नाहीत तर एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा) पाहावे. साखर चढलेली असेल तर न्यूट्रोफिल सुस्त होतात आणि मॅक्रोफेज जास्त भडकतात, मग कितीही कीटण काढा, फरक तोकडाच पडतो.

पेशींच्या विकरांना थेट आवरणारे एक औषध पूर्वीपासून उपलब्ध आहे: डॉक्सिसायक्लिन २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ३ ते ९ महिने, स्केलिंगच्या जोडीला. या अल्प मात्रेत ते जंतू मारत नाही, एमएमपी-८ ला रोखते. मेडिकलमध्ये सहज मिळणारी १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल हा त्याला पर्याय नव्हे. ती प्रतिजैविकाची मात्रा झाली, आणि महिनोन्‌महिने घेतल्यास तोंडातले जंतू तिला दाद देईनासे होतील. गरोदर स्त्रिया आणि ८ वर्षांखालील मुलांना हे औषध वर्ज्य.

एलएडी-१ चा संशय येण्याची जागा मात्र लहान मुलांचा दवाखाना आहे. साधारण दहा लाख जन्मांत एक, असा हा दुर्मीळ आजार. पण आई-वडील दोघांकडून दोष यावा लागत असल्याने, मामे-आते भावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. दुधाचे दात चार-पाच वर्षांच्या आत हलत असतील, मूळ न झिजता अख्खे पडत असतील, हिरड्या लालभडक असतील, तर तीन प्रश्न विचारावेत. बाळाची नाळ तीन आठवड्यांनंतर पडली का? जखमा झाल्यावर पू दिसत नाही का? जखमेची खूण कागदासारखी पातळ राहते का? आणि साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावा. मूल धडधाकट दिसत असताना पांढऱ्या पेशी २०,००० च्या वर असतील, आणि पुन्हा तपासल्यावरही तशाच, तर चुकून रक्ताच्या कर्करोगाच्या दिशेने धाव घेतली जाते. आधी फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरचे रेणू मोजणारी तपासणी, करून घ्यावी.

लवकर दात पडण्याची इतर कारणेही ध्यानात असावीत. तळहात-तळपायांची कातडी जाड व खडबडीत असेल तर पॅपिलॉन-लेफेव्हर सिंड्रोम. दोष कॅथेप्सिन सी जनुकात, आणि इथे न्यूट्रोफिल हिरडीत पोहोचतात पण त्यांची विकरे निकामी असतात. ताप आणि तोंडातल्या फोडांची पाळी दर २१ दिवसांनी येत असेल तर सायक्लिक न्यूट्रोपेनिया. एकाच सीबीसीत तो निसटतो, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा असे सहा आठवडे मोजावे लागते. अल्कलाइन फॉस्फटेज फार कमी असेल तर हायपोफॉस्फटेशिया. त्यात हिरडी लाल नसतानाच दात पडतात.

फ्लो सायटोमेट्रीसाठी रक्त ताजे हवे. फ्रीजमध्ये न ठेवता २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावे. शिळ्या नमुन्यात न्यूट्रोफिल मेलेले असतात आणि सीडी१८ खोटेच कमी दिसते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था प्राथमिक प्रतिकारदोषांच्या अशा तपासण्या करते. कागदावर सीडी१८ आणि सीडी११ दोन्ही मागून घ्यावेत, आणि सोबत एका निरोगी माणसाचा त्याच दिवशी काढलेला नमुना जोडावा. काही रुग्णांत सीडी१८ पृष्ठभागावर असतो, पण आयकॅमला धरू शकत नाही. अशा वेळी अहवाल जवळपास सामान्य येतो. लक्षणे जुळत असतील तर तिथे न थांबता आयटीजीबी२ ची जनुकीय तपासणी करून घ्यावी.